तेरा डॉलर आणि शेवटचा आलेला कुत्रा: 'द सिम्पसन्स'च्या पहिल्या भागाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर डिसेंबरात हा भाग मी कुणाला ना कुणाला दाखवते. भाचरं, शेजारची मुलं, एकदा तर आईलासुद्धा. मग प्रश्न येतात, आणि बहुतेक वेळा तेच ते. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. गोष्ट शेवटपर्यंत सांगितली आहे. आधी भाग बघायचा असेल तर बघून या, मी इथेच आहे.

हा नेमका कोणता भाग?

'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेचा सगळ्यात पहिला प्रसारित झालेला पूर्ण भाग. नाव 'सिम्पसन्स रोस्टिंग ऑन अ‍ॅन ओपन फायर'. फॉक्स वाहिनीवर १७ डिसेंबर १९८९ला, रविवारी रात्री तो लागला. जाहिराती सोडल्या तर जेमतेम २२-२३ मिनिटांचा आहे.

सिम्पसन कुटुंब त्याआधीच लोकांच्या ओळखीचं होतं. एप्रिल १९८७पासून 'द ट्रेसी उलमन शो' या कार्यक्रमात त्यांचे मिनिट-दीड मिनिटाचे तुकडे लागायचे. पण मिनिटभरात फार तर एखादा विनोद होतो. घर, पैसा, नोकरी, बहिणी-मेहुण्या हे सगळं घेऊन कुटुंब उभं राहिलं ते या भागात.

नावाचा अर्थ काय?

अमेरिकेत एक फार लोकप्रिय ख्रिसमसचं गाणं आहे. त्याच्या पहिल्याच ओळीत शेकोटीवर चेस्टनट भाजले जातात. इथे चेस्टनटच्या जागी सिम्पसन घातलेत. म्हणजे भट्टीत भाजून निघतंय ते हे कुटुंब! 'द सिम्पसन्स ख्रिसमस स्पेशल' या नावानेही हा भाग ओळखला जातो.

घरात कोण कोण आहे?

बाप होमर, स्प्रिंगफील्डच्या अणुवीज केंद्रात कामाला. आई मार्ज, निळ्या केसांचा उंच डोंगर डोक्यावर घेऊन घर चालवणारी. बार्ट १० वर्षांचा, लिसा ८ची, आणि चोखणी तोंडात धरलेली मॅगी. मालिकेचे जनक मॅट ग्रेनिंग यांनी होमर, लिसा आणि मॅगी ही नावं स्वतःच्या वडिलांची आणि बहिणींची घेतली, मार्ज हे आईच्या मार्गारेट या नावावरून आलं. बार्ट हे मात्र 'व्रात्य कार्टं' या अर्थाच्या इंग्रजी शब्दातली अक्षरं उलटसुलट करून केलेलं नाव.

थोडक्यात गोष्ट काय?

ख्रिसमस तोंडावर आलाय. मार्जने वर्षभर पै-पै साठवून एक बरणी भरलीय, आणि ती लपवून ठेवते कुठे, तर स्वतःच्या केसांत. मुलांनी सँटाला पत्रं लिहिलीत. लिसाला हवंय शिंगरू, बार्टला हवाय टॅटू. आईबापांनी अर्थातच नाही म्हटलं, तर बार्ट मॉलमध्ये हळूच सटकतो आणि थेट टॅटूच्या दुकानात जाऊन बसतो. मार्ज त्याला अर्ध्यातून ओढून काढते. लेझरने तो टॅटू पुसायला बरणीतले सगळे पैसे जातात.

त्याच वेळी तिकडे कारखान्यात मालक मिस्टर बर्न्स ध्वनिक्षेपकावरून सांगतात की यंदा कामगारांना बोनस नाही. होमर मनाशी म्हणतो, देवाची कृपा म्हणून घरी ती मोठी बरणी आहे. आणि मार्ज रिकामी बरणी घेऊन म्हणते, देवाची कृपा म्हणून होमरचा बोनस यायचाय.

मला विचाराल तर संपूर्ण भाग या दोन वाक्यांवर उभा आहे. नवरा बायकोच्या भरवशावर, बायको नवऱ्याच्या भरवशावर, आणि दोघांच्याही हातात काही नाही. इतक्या कमी वेळात इतकं घट्ट कथानक बांधलेलं मी क्वचितच पाहिलंय.

पुढे होमर घरी काही न सांगता मॉलमध्ये सँटाचा वेष घालून बसायची नोकरी धरतो, तिथून कुत्र्यांच्या शर्यतीला जातो, हरतो, आणि एक कुत्रा घेऊन घरी येतो.

बोनस नाही मिळाला तर एवढं काय बिघडलं?

हा प्रश्न हल्लीची तरुण मुलं विचारतात. ज्यांच्या घरात दिवाळीच्या बोनसवर कपडे, फराळाचं सामान आणि मागची उधारी असं सगळं अवलंबून असायचं, ते कधीच विचारत नाहीत.

पण इथे एक फरक समजून घ्यायला हवा. आपल्याकडे बोनस हा कामगारांचा हक्क म्हणून कायद्यात आला. १९६५च्या बोनस कायद्याने किमान बोनस बांधून दिला, आणि पुढे तो ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण एका महिन्याचा पगार, इतका झाला. अमेरिकेत असा कायदा नाही. करारात लिहिलेलं नसेल तर ख्रिसमसचा बोनस म्हणजे मालकाची मर्जी. म्हणून बर्न्स एका वाक्यात तो काढून घेऊ शकतो, आणि होमरला दाद मागायला जागाच उरत नाही. त्यातही ती घोषणा नीट ऐका. आधी तो सांगतो की व्यवस्थापनाच्या पगारवाढीला धक्का लागलेला नाही. मग सांगतो की अर्धकुशल कामगारांना बोनस नाही. आणि शेवटी शुभेच्छा देतो.

आमच्या घरी असं एकदा झालंय. मी चौथीत होते. बाबा कारखान्यात होते आणि त्या वर्षी युनियन आणि मालकांची बोलणी फिसकटली. कायद्यात हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांची मुदत असते, त्यामुळे बोनस मिळाला, पण दिवाळी होऊन गेल्यावर. बाबांनी आईला ही गोष्ट तीन दिवस सांगितलीच नाही. रोज संध्याकाळी येऊन चपला काढायचे, हातपाय धुवायचे आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. पान उलटल्याचा आवाज मात्र यायचा नाही. होमर मार्जला खरं सांगायच्या ऐवजी "यंदाची खरेदी मीच करतो" म्हणतो, तेव्हा मला ते न उलटलेलं पान आठवतं.

बार्टच्या हातावर नेमकं काय लिहिलं जातं?

त्याला गोंदवायचं असतं 'मदर'. आईचं नाव दंडावर कोरून घेण्याची खलाशांची ही जुनी पद्धत आहे. वय विचारलं तर तो बेधडक २१ सांगतो, आणि दुकानदार लगेच त्याला खुर्चीत बसवतो. मार्ज येऊन ओढते तेव्हा इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली चारच अक्षरं झालेली असतात. ती चार अक्षरं वाचली की होतं 'मॉथ', म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग.

विनोद शब्दाचा आहे, पण पोराला आईलाच खूश करायचं होतं हे विसरू नका. आईच्या मायेपोटी केलेल्या उद्योगाने आईचीच बरणी रिकामी झाली.

होमरला सँटा होऊन फक्त १३ डॉलर कसे मिळाले?

ही नोकरी त्याला सुचवतो त्याचा दारूच्या गुत्त्यावरचा मित्र बार्नी. आधी सँटा होण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. तिथे सँटाची गाडी ओढणाऱ्या रेनडिअरची नावं विचारली की होमर दोन-तीन बरोबर सांगतो आणि मधेच माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं नाव घुसवतो. पगार मिळणार तो एकदम ख्रिसमसच्या आदल्या दिवशी.

तो दिवस उजाडतो. होमर खिडकीपाशी जातो, बार्टही बरोबर आहे. बापलेकांच्या चेहऱ्यावर जी आशा आहे ती पाहून घ्या. पाकीट हातात येतं आणि आत १३ डॉलर. खिडकीतली बाई कपात वाचून दाखवते: सामाजिक सुरक्षा, बेकारी विमा, प्रशिक्षणाची फी, पोशाखाचे पैसे, दाढीचं भाडं, ख्रिसमस क्लबची वर्गणी. दाढीचं भाडं! पगाराच्या पावतीवर उजवीकडचा कपातीचा रकाना ज्यांनी कधी बोट ठेवून वाचलाय, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

९९ ला १ म्हणजे काय?

शर्यतीतला भाव. होमर ज्या कुत्र्यावर पैसे लावतो, त्याच्यावर लावलेल्या १ डॉलरला, तो जिंकला तर ९९ डॉलर. भाव जितका मोठा, तितकी जिंकायची शक्यता कमी. म्हणजे १३ डॉलरचे १,२८७ झाले असते, ख्रिसमस दणक्यात झाला असता.

बार्नीने पक्की खबर दिलेली असते 'व्हर्लविंड' नावाच्या कुत्र्याची. पण ऐन वेळी एका कुत्र्याच्या जागी दुसरा येतो, त्याचं नाव 'सँटाज लिटल हेल्पर', सँटाचा छोटा मदतनीस. होमरला वाटतं हा दैवी संकेत. सगळे पैसे त्याच्यावर. व्हर्लविंड जिंकतो. सँटाचा मदतनीस शेवटून पहिला येतो.

टीव्हीवरच्या चमत्काराबद्दल बार्ट काय बोलतो?

माझ्या मते हा भागाचा गाभा आहे, आणि बरेच लोक तो हसण्याच्या नादात सोडून देतात.

होमर शर्यतीला जायला कचरत असतो. ख्रिसमसच्या आदल्या रात्री मुलाला घेऊन जुगाराच्या अड्ड्यावर जायचं त्याच्याही मनाला पटत नाही. तेव्हा बार्टच त्याला भरीला घालतो. त्याचं म्हणणं असं की गरीब मुलांच्या वाट्याला ख्रिसमसला चमत्कार येतोच. टीव्हीने मला हेच शिकवलंय. आणि तो टीव्हीवर पाहिलेल्या मुलांची नावं घेतो.

आता विचार करा, हे वाक्य कुठे म्हटलं जातंय? टीव्हीवरच्या ख्रिसमसच्या खास भागातच. प्रेक्षकाने असे कार्यक्रम वर्षानुवर्षं पाहिलेत. शेवटी बर्फ पडणार, पैसे मिळणार, सगळे गळ्यात पडणार, हे त्याला ठाऊक आहे. लेखिकेने ती अपेक्षा मुलाच्या तोंडून बोलून घेतली आणि पुढच्या पाच मिनिटांत मोडली. कुत्रा हरल्यावर बार्ट म्हणतो की टीव्हीने आपला विश्वासघात केला. दहा वर्षांच्या पोराचा इतका खरा आवाज त्या काळच्या कार्टूनमध्ये मला तरी दुसरीकडे सापडला नाही.

चमत्कार होतो, नाही असं नाही. पण तो शर्यतीत होत नाही. बाहेर, अंधारात, मोटारी उभ्या करायच्या जागेवर होतो. बापलेक जमिनीवर पडलेली तिकिटं चाळतायत, चुकून एखादं जिंकलेलं मिळतंय का बघतायत. तेवढ्यात त्या कुत्र्याचा मालक त्याला हाकलून देतो, आणि कुत्रा धावत येऊन होमरच्या कवेत शिरतो. बार्ट म्हणतो, ठेवूया ना. होमर म्हणतो, अरे हा तर हरणारा आहे, केविलवाणा आहे... आणि मग थबकून म्हणतो, हा तर सिम्पसन आहे.

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. आता प्रत्येक वेळी घशाशी आवंढा येतो.

होमर वाईट बाप आहे का?

नाही. निदान या भागात तर मुळीच नाही. पुढच्या अनेक वर्षांत होमर अधिकाधिक बेजबाबदार आणि मठ्ठ होत गेला, त्यामुळे लोक ते चित्र मनात घेऊन मागे येतात. इथला होमर वेगळा आहे. हा थकलेला आहे, लाजलेला आहे, आणि घरासाठी झटतो आहे.

स्वस्तातल्या दुकानातली त्याची खरेदी बघा. मार्जसाठी पायमोज्यांचे जोड. बार्टसाठी कोऱ्या कागदांचे पॅड. आणि मॅगीसाठी एक दाबलं की चूं-चूं करणारं खेळणं, डुकराच्या चॉपच्या आकाराचं. त्यावर लिहिलंय की हे कुत्र्यासाठी आहे. पण मॅगीला कुठे वाचता येतं! त्या एका वाक्यात गरिबी आहे, युक्ती आहे आणि माया आहे. दुकानाबाहेर शेजारी नेड फ्लँडर्सशी टक्कर होते, दोघांच्या वस्तू एकमेकांत मिसळतात, आणि एकेक उचलून देताना कळतं की जवळजवळ सगळं फ्लँडर्सचंच आहे.

झाडही असंच. विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून तो कुणाच्या तरी खाजगी रानात शिरून तोडून आणतो. झाडात पक्ष्यांचं घर तसंच राहिलेलं असतं. कुणी विचारलं तर म्हणतो, ती सजावट आहे.

आणि बार्टने मॉलमध्ये सँटाची दाढी ओढली, आत बाप निघाला, त्यानंतरचा क्षण पाहा. पोरगं चिडत नाही, खजील होतं. आमच्यासाठी तू इतक्या खालच्या थराला गेलास म्हणजे तुझं आमच्यावर किती प्रेम असेल, अशा अर्थाचं काहीतरी बोलतं.

लिसा मावशीला काय सुनावते?

मार्जच्या जुळ्या बहिणी पॅटी आणि सेल्मा ख्रिसमसला घरी आल्यात, आणि होमरला घालूनपाडून बोलतायत. लिसा शांतपणे सांगते की त्याच्यात माणसाचे सगळे दोष असतील, पण तो माझा एकुलता एक बाप आहे. पुरुष कसा असतो हे मी त्याच्याकडे पाहूनच ठरवणार, त्यामुळे त्याला मारलेला प्रत्येक टोमणा मला लागतो, आणि तो परतवण्याचं माझं वय नाही. मावशी नुसतं हुंकारते आणि तिला कार्टून बघायला पाठवते.

मुलांदेखत वडिलांची उणीदुणी काढणारा नातेवाईक कुठल्या घरात नसतो? हा प्रसंग आईला दाखवला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोरगी बरोबर बोलली."

हा पहिला भाग, मग सुरुवातीचं ते प्रसिद्ध गाणं आणि सोफा कुठाय?

ते तेव्हा तयारच नव्हतं. हा भाग बनवण्याच्या क्रमात आठवा होता. पहिला म्हणून बनवलेला 'सम एन्चँटेड इव्हिनिंग' कोरियातल्या स्टुडिओतून रंगवून आला तेव्हा इतका बिघडलेला निघाला की मोठा भाग पुन्हा करावा लागला. मालिका लांबली. ख्रिसमसचा भाग तारखेला बांधलेला, म्हणून तो आधी डिसेंबरात लावला. बाकीचा हंगाम १४ जानेवारी १९९०ला 'बार्ट द जीनियस'पासून सुरू झाला, आणि शीर्षकाचं संगीत, फळ्यावर लिहिणारा बार्ट, सोफ्यावर धावत येणारं कुटुंब हे त्या भागात पहिल्यांदा आलं. तो बिघडलेला भाग दुरुस्त होऊन १३ मे १९९०ला, हंगामाच्या अगदी शेवटी लागला.

चित्रं ओबडधोबड का दिसतात?

सगळं हाताने काढलेलं आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीटवर रंगवलेलं आहे, आणि पात्रांचे नियम अजून पक्के झाले नव्हते. बार्नीचे केस इथे कातडीसारखेच पिवळे आहेत, पुढे ते तपकिरी झाले. होमरचा आवाजही जड, घोगरा आहे. आवाज देणारे डॅन कॅस्टेलनेटा यांनी तो नंतर मोकळा केला. मला स्वतःला हा घोगरा होमर जास्त आवडतो, दमून घरी आलेल्या माणसाचा आवाज आहे तो.

लिहिला कोणी?

मिमी पाँड या व्यंगचित्रकार लेखिकेने. दिग्दर्शन डेव्हिड सिल्व्हरमन यांचं. पाँड यांनी या मालिकेचा हा एकच भाग लिहिला. लेखकांच्या कायमच्या चमूत आपल्याला बोलावलं गेलं नाही, हे त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितलंय. मला याची खरोखर हळहळ वाटते. ज्या मालिकेचा पाया एका बाईने इतक्या नजाकतीने घातला, तिला त्या घरात पुढे जागा मिळू नये?

एमी मिळालं का?

एमी म्हणजे अमेरिकेतला टीव्हीचा मोठा पुरस्कार. नामांकन मिळालं. पुरस्कार त्याच हंगामातल्या 'लाइफ ऑन द फास्ट लेन' या भागाला गेला.

त्या कुत्र्याचं पुढे काय झालं?

तो घरचाच झाला, आजही आहे, आणि शर्यतीतलं नावही तेच राहिलं. पुढे त्याच्यावर स्वतंत्र भाग आले. १९९२च्या 'डॉग ऑफ डेथ'मध्ये त्याच्या ऑपरेशनसाठी सगळं घर पोटाला चिमटा काढतं, तो या भागानंतर लगेच बघण्यासारखा आहे.

तो जातीने ग्रेहाउंड आहे. हरायला लागलेले ग्रेहाउंड टाकून देणं ही त्या धंद्यातली खरी आणि वाईट गोष्ट होती. अमेरिकेतले बहुतेक ट्रॅक आता बंद झालेत. फ्लोरिडासारख्या मोठ्या राज्यात २०१८ला मतदारांनीच बंदीच्या बाजूने कौल दिला.

लहान मुलांना दाखवावा का?

आठ-नऊ वर्षांपासून पुढे जरूर, पण शेजारी बसून. दारूचा गुत्ता आहे, जुगार आहे, होमर बार्टचा गळा धरतो तेही आहे. मांजराबद्दल एक सूचना: मार्जच्या ख्रिसमसच्या पत्रात आधीचं मांजर, स्नोबॉल, वारल्याचं आणि दुसरं आणल्याचं येतं. माझ्या भाचीला कुत्र्याच्या आनंदापेक्षा त्या न दिसलेल्या मांजराचंच दुःख जास्त झालं होतं. इंग्रजी भरभर आहे, सबटायटल्स लावा.

शेवटी गाणं लागलं की बंद करायचं ना?

अजिबात नाही! होमर घरी येऊन खरं सांगायला तोंड उघडतो, बोनस मिळाला नाही म्हणतो, आणि तेवढ्यात बार्ट कुत्र्याला आत आणतो. सगळ्यांना वाटतं हीच भेट. मार्ज म्हणते याहून चांगलं काही आणताच आलं नसतं: प्रेम करायला कुणीतरी मिळालं, आणि चोरांना घाबरवायलाही. होमरच्या चेहऱ्याकडे बघा तेव्हा. मग सगळे मिळून लाल नाकाच्या रेनडिअरचं गाणं म्हणतात, बार्ट आणि लिसा प्रत्येक ओळीमागे आपलं काहीतरी जोडतात, होमर ओरडतो, आणि नावं सरकत असताना गाणं चालूच राहतं.